बुधवारच्या मुली

पुर्वोकेर्तो
सोमवार, ६ नोव्हेंबर २०२३

सेरुनी, पोरी,

अस्सलामु अलैकुम. पाकिटावरचं अक्षर ओळखलंस का? तुझ्या तापाच्या तक्त्यावर हेच असायचं. तू म्हणायचीस, "बू विगाती, तुमचे आकडे मुंग्यांसारखे दिसतात." आता चष्मा लागलाय, त्यामुळे मुंग्या जरा जाड झाल्यात.

तू मलांगला असतेस आणि एका शाळेच्या ग्रंथालयात काम करतेस, एवढं मला कळलं. कुणाकडून कळलं, ते पुढे सांगेन.

मी निवृत्त झाले त्याला चार वर्षं झाली. आमचे हे गेल्या वर्षी गेले. घरात बसून भिंतींशी बोलायला लागले होते. तेवढ्यात हॉस्पिटलमधून निरोप आला. आपल्या वॉर्डात आता मानसतज्ज्ञ आहे, बरं का. खरीखुरी! नास्तिती तिचं नाव, वय असेल तीस. तिला बसायला स्वतःची खोली आहे आणि तिचं काम काय, तर मुलांशी बोलायचं. सुया टोचायच्या नाहीत, तक्ते भरायचे नाहीत. आपल्या वेळी हे कुणाला सुचलं असतं? औषधाच्या ट्रॉलीबरोबर जमेल तेवढी माया ढकलत न्यायची, एवढंच आम्हाला ठाऊक होतं.

ही नास्तिती म्हणाली, "बू, तुम्ही बुधवारी येत जा. रक्त चढवायला येणाऱ्या मोठ्या मुली माझ्याशी बोलायला लाजतात. तुम्ही नुसत्या गप्पा मारा."

म्हणून पुन्हा बुधवारी जाते. मागच्या आठवड्यात त्यांना तुमच्या टोळीच्या गोष्टी सांगितल्या. खिडकीजवळचे ते चार पलंग. पहाटे स्लामेत डोंगर दिसला की म्हणायचं आज रक्त लवकर येणार, ढगात असला की संध्याकाळ होणार. आणि तुमचा तो खेळ! बाटली लागली की पंधरा मिनिटांनी तू डोळे मिटून सांगायचीस, "आज मला बस ड्रायव्हरचं रक्त मिळालंय. सगळ्यांना शिव्या द्याव्याशा वाटतायत." पलीकडच्या पलंगावरून उत्तर यायचं, "माझं पोलिसाचं आहे. शिट्टी कुठाय?" एकदा म्हणे इमामसाहेबांचं रक्त मिळालं होतं, म्हणून दिवसभर कुणाशी भांडण नाही. ते ऐकून आताच्या मुली पोट धरधरून हसल्या.

आणि खिडकीतून आत यायचे ते मेंदोआन, सोयाबीनच्या वडीची भजी! केळीच्या पानात गुंडाळलेले, गरम, तेलकट, सोबत हिरव्या मिरच्या. मी ते जप्त करायचे आणि ड्यूटीच्या खोलीत बसून स्वतःच खायचे. मला वाटायचं, तुम्हाला कळत नाही. तुम्हाला वाटायचं, मला कळत नाही की तुम्ही दोन पानं मागवता, एक माझ्यासाठी.

गोळ्या वेळेवर घेतेस ना? आता पंप नाही, पोटात सुई नाही. किती सोपं झालं सगळं.

उत्तराची घाई नाही.

तुझी,
बू विगाती


पुर्वोकेर्तो
सोमवार, २७ नोव्हेंबर २०२३

सेरुनी,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं असेल असं धरून चालते.

मागच्या पत्रात मी पलीकडच्या पलंगाचं नाव लिहिलं नाही. तुझ्या लक्षात आलंच असेल. वेनिंग. घे, लिहिलं.

तुम्ही दोघी पहिल्यांदा भेटलात तो दिवस मला आठवतो. तू अकरा वर्षांची, वर्गात पहिली येणारी, नाकाचा शेंडा वर. ती बारा वर्षांची, सोकाराजाच्या गेतुक, म्हणजे कसाव्याच्या कंदाची मिठाई, विकणाऱ्या बाईची मुलगी, तुझ्यापेक्षा वीतभर बुटकी आणि आवाज मात्र भोंग्यासारखा. तिने तुला विचारलं, "तुला पण काळी म्हणतात का शाळेत?" तू रडायला लागलीस. ती म्हणाली, "रडू नको. आपल्या अंगात लोखंड आहे. लोखंड कधी गोरं पाहिलंयस?" मी सलाईनची नळी लावत होते. हसू आवरेना, हात हलला, आणि दुसऱ्यांदा सुई टोचावी लागली. सुई तलवारीसारखी चालवते म्हणून तिने मला पुढचे कित्येक बुधवार 'बू जनरल' म्हणून छळलं.

रक्त चढवून चढवून अंगात लोह साठतं, ते काढायला तो पंप. रात्री पोटाला सुई लावायची, सकाळी काढायची, आठवड्यातून पाच दिवस. तुला पंप आठव्या वर्षी मिळाला, कारण तुझे वडील सरकारी नोकरीत. तिला मिळाला बाराव्या वर्षी, एका देणगीतून. त्याआधीची सगळी वर्षं तिच्या अंगात नुसतं साठतच होतं. हा फरक लक्षात ठेव, पोरी. पुढे मला त्याबद्दल लिहायचंय.

पंपाला तुम्ही 'नवरा' म्हणायचात. "माझा नवरा रात्रभर घुरघुरतो." "माझा बॅटरी संपली की गप्प होतो, गुणी आहे." डॉक्टर दर्मोनोंनी एकदा हे ऐकलं आणि त्यांचे करकर वाजणारे बूट जागच्या जागी थांबले. मग ते परत फिरले. मला नंतर म्हणाले, "विगाती, या मुली वाढल्या बरं का." जणू त्या वाढणार हे त्यांना पुस्तकात कुणी लिहून दिलं नव्हतं.

वाढलात, आणि कंटाळलात. दोन हजार तीनच्या जुलै महिन्यात तुझ्या पोटावर सुईची एकही ताजी खूण नव्हती. मी बोटाने चाचपलं. तू माझा हात धरून म्हणालीस, "आईला सांगू नका. सुई गादीत टोचते मी. नवरा गादीला औषध पाजतो." हसत होतीस, पण डोळ्यांत हसू नव्हतं. मी विचारलं, का गं? तू म्हणालीस, "मला झोपायचंय, बू. बाकीच्या मुली झोपतात तसं. मग लवकर मेले तरी चालेल."

पंधरा वर्षांची मुलगी असं म्हणाली. आणि मी काय केलं? "असं अभद्र बोलू नये" म्हणून तुझे केस नीट केले आणि तुझं गुपित पोटात ठेवलं. डॉक्टरांना सांगितलं नाही, आईलाही नाही. मला वाटलं, मी एकटी तुला समजावीन. खरं सांगू? तू मला विश्वासात घेतलंस याचा मला अभिमान वाटला होता.

वेनिंगनेही त्याच महिन्यात सुई सोडली. तू सोडलीस म्हणून तिने सोडली, असं तुला वाटतं. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

आज इथेच थांबते. पाऊस आलाय आणि कपडे बाहेर आहेत.

बू विगाती


पुर्वोकेर्तो
मंगळवार, १९ डिसेंबर २०२३

सेरुनी,

कपडे बाहेर नव्हते. मला पुढे लिहवेना, एवढंच.

तुझा पत्ता कुठून मिळाला ते आज सांगते. ऑक्टोबरात सेमारांगला थॅलेसेमियाच्या मुलांचा आणि पालकांचा मेळावा होता. मलांगहून एक आई आली होती. मी पुर्वोकेर्तोची हे कळल्यावर ती म्हणाली, "आमच्याकडे तुमच्या गावची एक बाई येते. रक्त चढेपर्यंत भिंतीकडे तोंड करून झोपते. माझ्या मुलीने तिला केळ्याचे काप दिले, तर म्हणाली, 'माझ्याशी मैत्री करू नकोस, बाळा. माझ्या मैत्रिणीला मी मारलंय.' मुलगी घाबरली हो माझी."

मी नाव विचारलं. तिने तुझं नाव सांगितलं.

त्यानंतर जेवणाच्या रांगेत मी कशी उभी राहिले, काय वाढून घेतलं, काही आठवत नाही.

तरी तुला लिहायला मला महिना लागला. आणि लिहिलं काय, तर मेंदोआन! गेल्या आठवड्यात जे घडलं ते घडलं नसतं, तर कदाचित अजून खाण्यापिण्याचंच लिहीत बसले असते.

वॉर्डात किनांती नावाची मुलगी आहे, चौदाची. तिच्या शेजारच्या पलंगावरची मुलगी दहा दिवसांपूर्वी गेली. बुधवारी किनांतीने रिकामा पलंग पाहिला आणि मलाच विचारलं, "ती घरी गेली की मेली?" माझ्या तोंडात जुनं वाक्य तयारच होतं, येईल गं ती उशिरा. ओठ हललेसुद्धा. तेवढ्यात नास्तिती तिच्या पलंगावर बसली आणि म्हणाली, "मेली, किनांती. शुक्रवारी सकाळी. तिच्या हृदयाला झेपलं नाही. तुला काय विचारायचंय ते विचार. मला माहीत असेल ते सांगेन, नसेल तर माहीत नाही म्हणेन."

मला वाटलं, आता पोरगी किंचाळणार. किंचाळली नाही. बराच वेळ रडली. मग विचारलं, "तिला दुखलं का?" मग, "माझ्या हृदयाचं काय?" नास्तितीने फाइल आणली आणि तिला समजेल असं सगळं सांगितलं. शेवटी किनांती म्हणाली, "मी तिच्याशी मागच्या वेळी भांडले होते. त्याने काही झालं का?" नास्तिती म्हणाली, "नाही. भांडणाने कुणाचं हृदय बंद पडत नाही." आणि त्या मुलीने, पोरी, डोळे पुसून भाताचं ताट मागितलं.

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. इतकं सोपं होतं? सोपं नव्हतं, पण होण्यासारखं होतं.

आपला तो बुधवार आठवतो ना? सतरा सप्टेंबर. वेनिंग रविवारीच गेली होती. तू रक्त चढवायला आलीस, रिकामा पलंग बघून मला विचारलंस, आणि मी म्हणाले, "येईल गं उशिरा." तू तिच्यासाठी उशी झटकून ठेवलीस.

अकरा वाजता तिची आई आली. बू सातिनेम. हातात खोका, त्यात औषधाच्या न फोडलेल्या बाटल्या, वेनिंगच्या कपाटात सापडलेल्या. तू हाताला नळी लावलेली तशीच, स्टँड ढकलत व्हरांड्यात आलीस, कारण तिला पाहून तुला वाटलं, वेनिंग आली. आणि ती बाई ओरडली, "तू शिकवलंस तिला! सुई सोडायला तू शिकवलंस! माझी मुलगी मातीत गेली आणि तू इथे रक्त पितेयस!"

वेनिंग गेली हे तुला असं कळलं.

तू माझ्याकडे वळलीस. म्हणालीस, "बू, माझ्यामुळे झालं का?"

मी म्हणाले, "आत्ता हे बोलू नये, न्दुक, बाळा. चल, झोप." तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. उत्तर ‘नाही’ होतं. मी दिलं नाही.

का दिलं नाही, ते पुढच्या पत्रात. या वेळी पळणार नाही.

विगाती


पुर्वोकेर्तो
मंगळवार, ९ जानेवारी २०२४

सेरुनी,

नीट वाच. हे मी आजवर कुणाला लिहून दिलेलं नाही.

त्या वर्षी एप्रिलमध्ये वेनिंगला हृदयाच्या तपासणीसाठी जोग्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं होतं, कारण तेव्हा आपल्याकडे ते मशीन नव्हतं. अहवालाचं पाकीट तिच्या वडिलांनी आणलं. डॉक्टर दर्मोनोंनी ते ड्रेसिंगच्या खोलीत उघडलं. मी तिथे होते. पडद्यापलीकडे वेनिंग झोपली होती.

तिचं हृदय लोहाने सुजून निम्म्या ताकदीवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार तर वर्ष. औषध वाढवून पाहू, पण आशा ठेवू नका. हे एप्रिलमध्ये, पोरी. तू सुई सोडलीस जुलैमध्ये.

तिचे वडील गवंडी होते. सिमेंटने फुटलेले हात त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "बायकोला सांगू नका. ती वेडी होईल. आणि पोरीला तर मुळीच नको." डॉक्टर म्हणाले, "मुलांना सांगून करायचंय काय? हसतेय तोवर हसू द्या." मीही मान डोलावली. सगळ्यांना वाटलं, आपण दयाळू आहोत.

म्हणून त्या व्हरांड्यात माझी जीभ उचलली नाही. "तुझ्यामुळे नाही" म्हणायचं तर मला एप्रिलचा अहवाल काढावा लागला असता. मग बू सातिनेमने विचारलं असतं, तुम्हाला माहीत होतं? मला का नाही सांगितलंत? तिचा नवरा तिथेच खांबाला टेकून उभा होता, पांढराफटक. डॉक्टर होते, माझी नोकरी होती, शब्द दिलेला होता. इतक्या सगळ्या मोठ्या माणसांना सांभाळायचं, तर ओझं कुणावर तरी ठेवावं लागतं. ते आम्ही सगळ्यांत लहान असलेल्या तुझ्यावर ठेवलं.

पुढच्या बुधवारी सांगू, असं मनाशी म्हटलं होतं. पुढच्या बुधवारी तू आलीच नाहीस. तुझ्या वडिलांनी तुला मलांगला मावशीकडे नेलं. दर लेबारानला, ईदच्या दिवशी, मी अख्ख्या गल्लीची माफी मागते, ज्यांचं कधी काही बिघडवलं नाही त्यांचीसुद्धा. तुला मात्र एक कार्ड पाठवलं नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांना फोन केला. ऐंशी झालेत, कमी ऐकू येतं. मला ओरडून विचारावं लागलं, "वेनिंगने सहा-सात आठवडे पंप लावला नाही, त्याने ती गेली का?" ते म्हणाले, "सात आठवडे? अगं, बारा वर्षं तिला औषधच नव्हतं. ते तिच्या हृदयात केव्हाच बसलं होतं. सात आठवड्यांनी काय व्हायचं?" मग मी विचारलं, "मग आपण त्या दुसऱ्या मुलीला सांगितलं का नाही?" ते म्हणाले, "मला मुलांशी बोलता येत नव्हतं, विगाती. रक्त, लोह, सगळं शिकवलं होतं. ते कुणी शिकवलं नाही. तू सांगशील, असं मला वाटलं."

आणि मला वाटलं होतं, ते सांगतील.

अहवालाची प्रत मागितली तर कळलं, जुनी कागदपत्रं पुरात गेली. तेव्हा तुझ्याजवळ पुरावा म्हणून फक्त माझं हे अक्षर आहे.

आता एक दार राहिलंय. उद्या-परवा सोकाराजाला जाते. तिथे काय होईल, माहीत नाही.

विगाती


पुर्वोकेर्तो
बुधवार, २४ जानेवारी २०२४

सेरुनी,

गेले होते. आज पहिल्यांदाच बुधवारी वॉर्डात गेले नाही, कारण हे आधी लिहायला हवं.

बू सातिनेम त्याच घरात राहते. नवरा जाऊन दहा वर्षं झाली. दुकान आता भाची बघते. म्हातारी मागच्या पडवीत उकडलेला कसावा कुटत बसली होती. मी सलाम केला. तिने वर पाहिलं, मुसळ थांबवलं नाही.

"बू जनरल. वीस वर्षांनी वाट सापडली होय?"

मी म्हटलं, "उशीर झाला."

"बस. उभी राहिलीस की अजून इंजेक्शन द्यायला आल्यासारखी दिसतेस."

बसले. म्हटलं, चहा यायच्या आत बोलून टाकावं, नाहीतर पुन्हा डोंगर-पावसाच्या गप्पा सुरू होतील. सगळं सांगितलं. एप्रिल, पाकीट, तिच्या नवऱ्याचे शब्द, माझं मान डोलावणं, व्हरांड्यातलं गप्प बसणं. तुझंही सांगितलं, मलांग, भिंतीकडे तोंड, केळ्याचे काप. "तुमची मुलगी त्या मुलीमुळे गेली नाही. मला माहीत होतं, आणि मी बोलले नाही. माफी मागायला आलेय."

तिने मुसळ खाली ठेवलं. मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यात घालते. घातलं असतं तरी मी हलले नसते.

ती म्हणाली, "मला माहीत होतं."

"नवऱ्याने नंतर सांगितलं?"

"तो कसला सांगतोय. मरेपर्यंत त्याला वाटत होतं, मला ठाऊक नाही. वेनिंगने सांगितलं."

सेरुनी, ती काय म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते, कारण निघताना तिने मला बजावलं, "माझ्या तोंडचं लिही. तुझं हॉस्पिटलचं काही घालू नकोस त्यात."

"ती झोपली नव्हती. पडद्यामागून सगळं ऐकलं तिने. चार महिने पोटात ठेवलं. ऑगस्ट लागता लागता एक दिवस मी पिठी साखर चाळत होते, तर येऊन म्हणाली, माक, माझं हृदय सुजलंय, फार तर वर्ष आहे. बाबांना कळू देऊ नको की मला माहीत आहे, ते रडतील. मी विचारलं, म्हणून सुई सोडलीस? तर म्हणाली, जुलैपासूनच सोडलीय. आता उरलेले दिवस तरी झोपू दे मला. मी काय बोलणार? मी म्हटलं, झोप. बाटल्या मीच कपाटात लपवल्या, बापाला दिसू नयेत म्हणून. ऐकतेयस ना? मीच लपवल्या, आणि मीच त्या घेऊन त्या पोरीवर धावून गेले."

मी विचारलं, "मग का?"

"का म्हणजे? कुणावर ओरडायचं होतं मी? देवावर? नवऱ्यावर? तो खांबाला टेकून अर्धा मेलेला. स्वतःवर ओरडले असते, तर जगले नसते. ती समोर आली, हातात नळी, गालावर लाली. माझी मातीत आणि हिच्या गालावर लाली. तोंडातून निघून गेलं. निघताक्षणी कळलं काय केलं ते. नंतर दोनदा गेले मी तुमच्या हॉस्पिटलात तिचा पत्ता मागायला. खिडकीतल्या बाईने विचारलं, तुम्ही कोण नात्यातल्या? काय सांगणार?"

पडवीत कोंबडी आली. तिने तिला कसाव्याचा तुकडा टाकला. मग म्हणाली:

"एक राहिलं. मी वेनिंगला विचारलं होतं, तुझ्या मैत्रिणीला सांगितलंस का? तर म्हणाली, नाही, आणि तूही सांगू नको, माक. तिने पण सुई सोडलीय, ती कंटाळून. तिचं हृदय चांगलंय, बू जनरल म्हणाली होती. तिला माझं कळलं तर म्हणेल, काय उपयोग, आणि कधीच लावायची नाही. मी तिला सांगितलंय, आपण दोघी परत सुरू करू. ती हट्टी आहे, मी करतेय म्हटल्यावर ती करणारच."

तुला आठवतंय ना, सेरुनी? ऑगस्टच्या पहिल्या बुधवारी तुझ्या पोटावर सुईची ताजी खूण होती. मी किती खूश झाले! मला वाटलं, मी समजावलं म्हणून. तू म्हणालीस, "वेनिंगशी पैज लागलीय." तिने स्वतः एकदाही लावली नव्हती. फक्त तुला लावायला लावली.

म्हणजे बघ. बापाने आईपासून लपवलं, आईने बापापासून, मुलीने दोघांपासून, मी सगळ्यांपासून. माहीत सगळ्यांना होतं. त्या वॉर्डात माहीत नसलेली एकटी तूच होतीस, आणि दोष घेऊन तूच गेलीस.

दारापर्यंत सोडायला आली तेव्हा बू सातिनेम म्हणाली, "तिला लिही, सातिनेम माफी मागते. आणि लिही, माझ्या पोरीने एक पैज तरी जिंकली, ती जगतेय ही. नीट लिही हं. रडू नको अक्षरावर, शाई पसरेल."

पसरली आहेच थोडी. वाचता येईल.

विगाती


पुर्वोकेर्तो
मंगळवार, २० फेब्रुवारी २०२४

सेरुनी, न्दुक,

तुझं पत्र काल आलं. चार ओळींचं. दिवसभर ओढणीच्या टोकात बांधून फिरले.

तू विचारलंयस, "मला तेव्हा खरं सांगितलं असतंत, तर मी पुन्हा सुई सोडली असती का?" तुझा हा प्रश्न घेऊन मी नास्तितीकडे गेले. ती म्हणाली, "बू, याचं उत्तर तुमचं तुम्हीच द्या." तर देते. माहीत नाही, पोरी. कदाचित सोडली असतीस. वेनिंगलाही तीच भीती वाटत होती आणि ती तुला माझ्यापेक्षा जास्त ओळखत होती. पण मी तुझ्या पलंगावर बसले असते, तू मला शिव्या दिल्या असत्यास, आपण तिघी मिळून रडलो असतो, आणि तू तिचा निरोप घेतला असतास. एवढं तुझ्या हक्काचं होतं. ते मी काढून घेतलं. त्याची माफी मागते, लेबारानची वाट न बघता.

तुझ्या बाकीच्या तीन ओळींत राग आहे. बरं वाटलं. भिंतीकडे बघण्यापेक्षा माझ्यावर रागाव.

आणि शेवटी तू जे विचारलंयस, रोजे लागायच्या आधी आमच्याकडे कबरी साफ करायला कधी जातात, त्याचं उत्तर: रविवार, ३ मार्च. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत. शनिवारच्या गाडीने ये. बू सातिनेमला सांगितलं तर म्हणाली, "माझ्याकडे उतरेल. हॉटेल-बिटेल काही नाही. आणि काय खाते ते विचारून ठेव." लोहाचं पथ्य आता कितपत पाळतेस, ते कळव. किनांतीलाही तुला भेटायचंय. तुझं नाव घेतलं की विचारते, "सदतीस वर्षांपर्यंत जगता येतं?" मी म्हटलं, ती अजून छत्तीसचीच आहे. तिलाच विचार.

कबरस्तान नदीच्या अंगाला आहे, चिखल असतो, साधी चप्पल घाल. वेनिंगची कबर आंब्याच्या सावलीत आहे. आम्ही दोघी म्हाताऱ्या जरा लांब, तिच्या बापाच्या कबरीजवळ गवत उपटत बसू. तिच्याशी काय बोलायचं ते तू बोल. हवा तेवढा वेळ घे. आम्ही हाक मारणार नाही.

तुझी,
विगाती